६४ बिटांच्या भागाकारावर थांबणारे फर्मवेअर: कंपायलर-आरटीच्या क्रॉस-कंपायलेशनमधील एका दोषाचा माग

मोजमाप करणाऱ्या एका उपकरणाचे फर्मवेअर आम्ही जीसीसी या कंपायलरवरून क्लँगवर आणत होतो. उपकरणात कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर होता, त्याला एकेरी अचूकतेचे फ्लोटिंग पॉइंट युनिट (एफपीयू) होते आणि खाली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. कंपायलर बदलला की त्याच्या जोडीची रनटाइम लायब्ररीही बदलावी लागते. जीसीसीची लिबजीसीसी काढून तिच्या जागी एलएलव्हीएम प्रकल्पातील कंपायलर-आरटीचा बिल्टइन्स हा भाग बसवायचा होता.

प्रोसेसरला जे स्वतःच्या सूचनांनी थेट जमत नाही, ते कंपायलर या लायब्ररीतल्या एखाद्या फंक्शनवर सोपवतो. कॉर्टेक्स-एम४ ३२ बिटांचा भागाकार हार्डवेअरमध्ये करतो आणि फ्लोटची बेरीजही करतो, पण ६४ बिटांचा भागाकार आणि डबलचे, म्हणजे दुहेरी अचूकतेच्या अपूर्णांकांचे, गणित त्याच्या हार्डवेअरमध्ये नाही. त्यामुळे सोर्समध्ये जिथे भागाकाराचे साधे चिन्ह दिसते, तिथे ऑब्जेक्ट फाइलमध्ये एईएबीआय-यूएलडिव्हमॉड या फंक्शनला केलेला कॉल असतो. हे फंक्शन कोणी पुरवले नाही तर ऑब्जेक्ट फाइल्स जोडून एक प्रोग्रॅम बनवणारा लिंकर तिथेच अडतो. आमच्या टार्गेटसाठी, म्हणजे उपकरणासाठी, ही लायब्ररी होस्टवर, म्हणजे आमच्या संगणकावर बसून क्रॉस-कंपाइल करायची होती, आणि अर्ध्या दिवसात होईल असे गृहीत धरून हे काम आम्ही हाती घेतले होते.

पहिला अडथळा अपेक्षेप्रमाणे सीमेक या बिल्ड साधनाच्या पहिल्याच पायरीवर आला. दिलेला कंपायलर साधा चाचणी प्रोग्रॅमसुद्धा बनवू शकत नाही, असे सांगून सीमेकने काम थांबवले. कंपायलर मुळीच बिघडलेला नव्हता. सीमेक चाचणीसाठी एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून लिंकही करून पाहतो, आणि लिंक करायला सुरुवातीचा स्टार्टअप कोड, सी लायब्ररी आणि हीच बिल्टइन्स लायब्ररी लागते. जी वस्तू अजून बनवायची आहे ती आधी हजर असावी, अशी ती अट होती. सीमेकच्या ३.६ या आवृत्तीपासून चाचणीचा प्रकार बदलून तिला फक्त स्टॅटिक लायब्ररीपर्यंत नेता येते आणि मग लिंकिंगची पायरी टळते. आम्ही तेच केले. या सोयीची एक किंमत असते, ती इथेच नोंदवतो: लिंकिंगच होत नसल्यामुळे अमुक फंक्शन उपलब्ध आहे का, अशा स्वरूपाच्या चाचण्या उगाचच होकारार्थी उत्तर देऊ लागतात. सॅनिटायझर, प्रोफाइल, फझर वगैरे भाग बंद करून, फक्त डीफॉल्ट टार्गेटसाठी आणि बेअरमेटल पद्धतीने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नाही असे धरून, बिल्ड करायचे असल्यास या खोट्या होकारांचा त्रास कमी होतो, म्हणून ते पर्यायही आम्ही लावले.

दुसरा अडथळा छोटा दिसला आणि आमची खरी चूक तिथेच झाली. सी फाइल्स व्यवस्थित कंपाइल झाल्या, पण असेंब्लीच्या काही फाइल्सवर त्रुटी आली, की या सूचनेसाठी व्हीएफपी-२ (आर्मच्या फ्लोटिंग पॉइंट युनिटची एक आवृत्ती) आवश्यक आहे. कंपायलर आणि त्याचे फ्लॅग सीमेकला सांगणाऱ्या टूलचेन फाइलमध्ये आम्ही सी भाषेच्या फ्लॅग्जमध्ये प्रोसेसरचे नाव, थम्ब (आर्मचा आखूड सूचनांचा संच), हार्ड फ्लोट-एबीआय (एबीआय म्हणजे फंक्शनांमधील देवाणघेवाणीचे नियम) आणि एफपीयूचा प्रकार असे सर्व काही दिले होते. असेंब्लीसाठी मात्र केवळ टार्गेट ट्रिपल, म्हणजे आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि एबीआय सांगणारे नाव, दिले होते, तेही आर्म-नन-ईएबीआय असे मोघम. सीमेकच्या दृष्टीने सी आणि असेंब्ली या दोन स्वतंत्र भाषा आहेत आणि एकीचे फ्लॅग दुसरीला आपोआप लागू होत नाहीत. बिल्टइन्सची बिल्ड व्यवस्था व्हीएफपीच्या फाइल्स घ्यायच्या की वगळायच्या हे सी फ्लॅग्जवरून ठरवते. सी फ्लॅग्जमध्ये एफपीयू होते, म्हणून त्या फाइल्स यादीत आल्या, आणि एफपीयूचा पत्ता नसलेल्या असेंब्लरच्या हाती पडल्या.

ही त्रुटी वाचून आमच्यातील एकाने असेंब्लीच्या फ्लॅग्जमध्ये एफपीयूचा तेवढाच एक फ्लॅग जोडला. त्रुटी गेली, बिल्ड पूर्ण झाले, आर्काइव्ह फाइल, म्हणजे लायब्ररी, तयार झाली. त्रुटी सांगत होती की असेंब्लरला प्रोसेसरबद्दल काहीच ठाऊक नाही. आम्ही तिचा अर्थ एवढाच घेतला की त्याला एफपीयू ठाऊक नाही. दुखणे एक आणि मलमपट्टी भलतीकडे, असा तो प्रकार होता, आणि बिल्ड हिरवे झाल्यामुळे त्याकडे पुन्हा कोणी पाहिले नाही.

फर्मवेअर लिंक झाले, कोणताही इशारा न देता. बोर्डवर चढवल्यावर ते सुरू झाले, सेन्सरची मापे येऊ लागली, फ्लोटची गणिते बरोबर उतरली. एका दुरुस्ती-सूत्रात डबलचे गुणाकार आणि बेरजा होत्या, त्यांची उत्तरेही जुन्या फर्मवेअरशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली. पुढे घटनांची नोंदवही मागवणारी आज्ञा पहिल्यांदा दिली गेली तेव्हा उपकरण जागच्या जागी गोठले. रीसेट करून पुन्हा तीच आज्ञा दिली की पुन्हा तेच होत असे. दोष दर वेळी एकाच जागी येत होता आणि तपासाच्या दृष्टीने ती मोठी सोय होती.

पहिला संशय फ्लोट-एबीआयवर गेला. नव्या टूलचेनने बांधलेले फर्मवेअर अनाकलनीय रीतीने बिघडले की या क्षेत्रात बहुतेकांचे बोट आधी तिकडेच जाते, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. हार्ड पद्धतीत फ्लोट आर्ग्युमेंट्स एफपीयूच्या रजिस्टरांतून जातात, सॉफ्ट पद्धतीत ती साध्या रजिस्टरांतून जातात, आणि कॉल करणारा व कॉल घेणारा यांच्यात एकमत नसेल तर उत्तरे कचरा निघतात. तपासाचे जवळजवळ दोन दिवस आम्ही यात घालवले. खरे तर आर्मच्या रनटाइम एबीआयचा एक नियम आम्हाला आधीच आठवायला हवा होता: एईएबीआयने सुरू होणारी फ्लोटिंग पॉइंट सहायक फंक्शन्स बाकीचा प्रोग्रॅम हार्ड पद्धतीचा असला तरी आर्ग्युमेंट्स साध्या रजिस्टरांतूनच घेतात. डबलची उत्तरे बरोबर येत होती हाच या संशयाविरुद्धचा पुरावा होता. शिवाय एबीआयचा घोटाळा सहसा चुकीचे आकडे देतो, आणि आमच्याकडे एकही आकडा चुकला नव्हता. आमचे यंत्र सरळ थांबत होते.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. डिबगर जोडला, आज्ञा दिली आणि प्रोसेसर हार्डफॉल्ट हँडलरच्या, म्हणजे गंभीर दोष घडल्यावर चालणाऱ्या कोडच्या, अनंत लूपमध्ये फिरताना सापडला. हार्डफॉल्टच्या स्थितीचे रजिस्टर, म्हणजे एचएफएसआर, षोडशमान पद्धतीत ४००००००० दाखवत होते. याचा अर्थ मूळ दोष दुसराच होता आणि त्याचा हँडलर सक्षम केलेला नसल्यामुळे तो वर ढकलला जाऊन हार्डफॉल्ट बनला. मूळ दोष कोणता हे सीएफएसआर या दुसऱ्या दोषस्थिती-रजिस्टरमध्ये कळते, आणि तिथे ०००१०००० हा आकडा होता. सोळावा बिट एक, बाकी सारे शून्य. हा बिट सांगतो की प्रोसेसरने अशी सूचना चालवायचा प्रयत्न केला जी त्याच्या दृष्टीने सूचनाच नाही.

अपवाद घडताना कॉर्टेक्स-एम प्रोसेसर काही रजिस्टरे स्टॅकवर ठेवतो: आर०पासून आर३पर्यंत, मग आर१२, एलआर (परतीचा पत्ता), पीसी (चालू सूचनेचा पत्ता) आणि शेवटी स्थितीचे रजिस्टर. सुरुवातीपासून २४ बाइट सोडले की पीसी सापडतो. तिथला पत्ता आमच्याच फर्मवेअरमधील एका साध्या फंक्शनच्या मधोमध पडत होता. हे फंक्शन ६४ बिटांच्या टिकांची मोजणी घड्याळाच्या वारंवारितेने भागून सेकंद काढत असे. वारंवारिता हे चालत्या प्रोग्रॅममध्ये बदलू शकणारे व्हेरिएबल होते, त्यामुळे कंपायलरला भागाकाराचे रूपांतर गुणाकारात करून तो टाळता येत नव्हता आणि तिथे एईएबीआय-यूएलडिव्हमॉडला कॉल होता.

डिसअसेंब्लरने त्या पत्त्यावरच्या चार बाइटांसमोर केवळ अनोळखी असे लिहिले. वर आणि खाली सगळ्या सूचना ओळखीच्या, आणि मधली एक अनोळखी. त्याच फाइलला ए-प्रोफाइलचे (आर्मच्या मोठ्या प्रोसेसरांच्या शाखेचे) आर्किटेक्चर आहे असे डिसअसेंब्लरला खोटेच सांगून पुन्हा पाहिले तेव्हा त्या जागी बीएलएक्स ही सूचना उमटली. लिंक होण्यापूर्वीच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये त्याच जागी बीएल, म्हणजे फंक्शनला कॉल करणारी साधी सूचना, होती. बाइट्सकडे नीट पाहिले तर फरक एकाच बिटाचा होता. अशा जवळच्या बीएलमध्ये दुसरा अर्धशब्द षोडशमान एफने सुरू होतो, इथे तो ईने सुरू होत होता.

एखाद्या कॉलचे बीएलवरून बीएलएक्समध्ये रूपांतर लिंकर एकाच कारणासाठी करतो. कॉल करणारा कोड थम्ब अवस्थेत असतो आणि बोलावलेले फंक्शन आर्म अवस्थेतले असते, तेव्हा अवस्था बदलणारी सूचना वापरणे भाग असते. कॉर्टेक्स-एम मालिकेतल्या प्रोसेसरांना आर्म अवस्थाच नाही. ते फक्त थम्ब जाणतात, म्हणून तात्काळ पत्त्याची बीएलएक्स त्यांच्या सूचनासंचात नाही. लिंकरने आपल्या परीने योग्य तेच केले होते. प्रश्न हा होता की आमच्या लायब्ररीत आर्म अवस्थेतले फंक्शन आले कुठून.

उत्तरासाठी आर्काइव्ह उघडून एकेक ऑब्जेक्ट फाइल तपासली. या ऑब्जेक्ट फाइल्स ईएलएफ स्वरूपात असतात, आणि ईएलएफ फाइलच्या सिम्बॉल टेबलमध्ये थम्ब फंक्शनच्या पत्त्याचा सर्वांत खालचा बिट एक असतो, आर्म फंक्शनचा शून्य. सी सोर्समधून आलेल्या फंक्शनांचे पत्ते विषम होते आणि असेंब्लीतून आलेल्या एकूण एक फंक्शनांचे सम. कोड कोणत्या अवस्थेतला आहे ते नोंदवणारे मॅपिंग सिम्बॉल्सही तेच सांगत होते, एकीकडे डॉलर-टी, दुसरीकडे डॉलर-ए. ऑब्जेक्ट फाइल्सच्या आर्म ॲट्रिब्यूट्समध्ये तर उघडच लिहिलेले होते: सीच्या फाइल्सना आर्किटेक्चर आर्म-व्ही७ई-एम, असेंब्लीच्या फाइल्सना आर्म-व्ही४टी. प्रोसेसरचे नाव न देता नुसते आर्म-नन-ईएबीआय हे ट्रिपल दिले की क्लँग एआरएम७टीडीएमआय गृहीत धरतो, आणि तो १९९४ सालचा प्रोसेसर आहे. २०१० साली आलेल्या कॉर्टेक्स-एम४साठी आम्ही अर्धी लायब्ररी अशा प्रोसेसरच्या भाषेत बनवली होती, जी भाषा त्याला बोलताच येत नाही. कंपायलर-आरटीच्या असेंब्ली फाइल्स आपण थम्बसाठी जुळवल्या जात आहोत की आर्मसाठी, हे कंपायलरने ठरवलेल्या मॅक्रोंवरून पाहतात आणि त्याप्रमाणे योग्य निर्देश निवडतात. त्यांना आर्म असल्याचे सांगितले गेले, त्यांनी आर्मचा कोड दिला, आणि व्ही४टीवरही तो बिनतक्रार जुळवला गेला.

आता उरला तो प्रश्न असा, की फर्मवेअरचा एवढा मोठा भाग इतके दिवस चालला कसा. यूएलडिव्हमॉडचे सोर्स पाहिले की हे उलगडते, कारण त्यात भागाकार नाहीच. ते आर६ आणि एलआर स्टॅकवर ठेवते, १६ बाइटांची जागा काढते, बाकी कुठे ठेवायची त्याचा पत्ता तयार करते, सीमध्ये लिहिलेल्या यूडिव्हमॉडडीआय४ला बोलावते आणि परत आल्यावर बाकी आर२ व आर३ मध्ये भरून निघून जाते. भागाकाराचे सारे काम सी फंक्शनमध्ये आहे. असेंब्लीचे हे पातळ आवरण केवळ एवढ्यासाठी हवे असते, की एबीआयप्रमाणे भागफल आर० व आर१ मध्ये आणि बाकी आर२ व आर३ मध्ये एकाच वेळी परत द्यायची असते, आणि असे दोन ६४ बिटी आकडे चार रजिस्टरांतून परत करणे सीच्या नेहमीच्या नियमांत बसत नाही. डबलची तुलना करून निकाल स्थितीच्या फ्लॅग्जमध्ये देणारी फंक्शन्सही याच कारणाने असेंब्लीत आहेत. म्हणजे आमचा दोष नेमका तिथेच बसला होता जिथे एबीआयची अपेक्षा सीमध्ये व्यक्त होत नाही. बेरीज आणि गुणाकार सीमध्ये होते, म्हणून निभावले. डबलची तुलना आमच्या कोडमध्ये कुठेच नव्हती, असती तर तीही अशीच कोसळली असती. मेमरीची नक्कल करणाऱ्या एईएबीआय फंक्शनांची आवरणेही असेंब्लीतच आहेत, पण आमच्या सी लायब्ररीत त्याच नावांची फंक्शन्स होती आणि लिंक करताना ती आधी सापडत होती. तो निव्वळ योगायोग होता. एरवी फर्मवेअर सुरूच झाले नसते आणि दोष पहिल्या पाच मिनिटांत समजला असता.

लिंकर गप्प का राहिला, हेही तपासले. हार्ड आणि सॉफ्ट फ्लोट पद्धतींची सरमिसळ एलएलडी हा आमचा लिंकर ॲट्रिब्यूट्सवरून पकडतो, परंतु असेंब्लीच्या पुष्कळ फाइल्समध्ये ते ॲट्रिब्यूट नसतेच, आणि ते नसणे हा विरोध मानला तर अनेक निर्दोष फाइल्स नाकाराव्या लागतील. म्हणून तो तिकडे दुर्लक्ष करतो. व्ही४टी आणि व्ही७ई-एम एकत्र आल्याबद्दलही त्याने काही म्हटले नाही. शिवाय आम्ही वापरलेल्या आवृत्तीत अंतिम फाइलमध्ये पहिल्या ऑब्जेक्टचीच ॲट्रिब्यूट्स राहत होती, त्यामुळे तयार फर्मवेअरची ॲट्रिब्यूट्स वाचणाऱ्याला सर्व काही व्ही७ई-एम दिसले असते. तपास आर्काइव्हच्या आत शिरूनच करावा लागणार होता.

दुरुस्ती कागदावर दोन ओळींची होती. टूलचेन फाइलमध्ये सगळे फ्लॅग एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवले आणि सी व असेंब्ली या दोन्ही भाषांना तेच दिले. ट्रिपलही मोघम न ठेवता आर्मव्ही७ईएम-नन-ईएबीआय असे केले. आर्किटेक्चर ट्रिपलमध्येच असले की एखाद्या भाषेचे फ्लॅग पुढे कोणी विसरले तरी क्लँग एम-प्रोफाइल (कॉर्टेक्स-एमची शाखा) ओळखून थम्बच निवडतो. माझ्या मते दोन्हींपैकी हा बदल अधिक मोलाचा आहे, कारण तो माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही.

इतके करूनही फर्मवेअर त्याच जागी थांबले तेव्हा क्षणभर सगळा तर्कच चुकला असे वाटले. कारण क्षुल्लक होते. टूलचेन फाइलमधून दिलेले सुरुवातीचे फ्लॅग सीमेक पहिल्या खेपेलाच वाचतो आणि आपल्या कॅशेत लिहून ठेवतो, नंतर टूलचेन फाइल बदलली तरी जुनी बिल्ड डिरेक्टरी जुनेच फ्लॅग वापरत राहते. डिरेक्टरी पुसून नव्याने बिल्ड केले. त्यानंतरही बदल दिसेना, कारण ट्रिपल बदलल्यामुळे लायब्ररीच्या नावाचा शेपटाकडचा भाग आर्मवरून आर्मव्ही७ईएम झाला होता, आणि फर्मवेअरच्या लिंक आज्ञेत जुने नाव लिहिलेले असल्याने लिंकर इन्स्टॉल डिरेक्टरीत पडून राहिलेले जुने आर्काइव्ह निमूटपणे उचलत होता. ते जुने आर्काइव्ह हटवल्यावर लिंकरने प्रथमच तक्रार केली, आणि त्या आठवड्यात त्रुटी पाहून आनंद व्हावा असा तो एकच प्रसंग होता.

नाव सुधारल्यावर यूएलडिव्हमॉडचा पत्ता विषम आला, कॉलच्या जागी बीएल राहिली आणि नोंदवही उमटली. भागाकाराची उत्तरे तपासायला आम्ही काठावरचे आकडे घेतले: शून्य, एक, ३२ बिटांतला सर्वांत मोठा आकडा, त्याच्या लगेच पुढचा, ६४ बिटांतला सर्वांत मोठा, आणि भाजक म्हणून शून्य वगळता हेच सारे. होस्टवरची उत्तरे, क्यूईएमयू या एम्युलेटरच्या एमपीएस२-एएन३८६ या कॉर्टेक्स-एम४ बोर्डावरची उत्तरे आणि प्रत्यक्ष उपकरणावरची उत्तरे एकमेकांशी ताडली. दोषपूर्ण लायब्ररी क्यूईएमयूवरही त्याच जागी हार्डफॉल्ट देते हे मुद्दाम पाहून घेतले, कारण यापुढे ही चाचणी बोर्डाशिवाय चालवायची होती.

बिल्डच्या शेवटी आता दोन तपासण्या आहेत. पहिली आर्काइव्हमधील प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलचे आर्किटेक्चर ॲट्रिब्यूट वाचते आणि अपेक्षेहून वेगळे काही आढळले तर बिल्ड थांबवते. दुसरी लिंक झालेल्या फर्मवेअरमध्ये डॉलर-ए हे मॅपिंग सिम्बॉल शोधते आणि ती सिम्बॉल्स काढून टाकण्याच्या पायरीआधी चालवावी लागते, नाहीतर तिला शोधण्याजोगे काही उरतच नाही.

याच उपकरणाच्या धाकट्या आवृत्तीत कॉर्टेक्स-एम०+ आहे, तिच्यासाठी आर्म-व्ही६-एमचे स्वतंत्र आर्काइव्ह लागते. तपासण्या खरोखर काम करतात का हे पाहण्यासाठी तिथे आम्ही असेंब्लीला मोघम ट्रिपल देणारी जुनी टूलचेन फाइल मुद्दाम वापरली. पहिल्या तपासणीने बिल्ड लगेच थांबवले. ती बंद करून तेच फर्मवेअर बोर्डवर चढवले, तर सुरुवातीच्या संदेशात पहिला दशमान आकडा छापतानाच यंत्र गोठले, कारण या प्रोसेसरला ३२ बिटांचा भागाकारही लायब्ररीकडून घ्यावा लागतो. तिथे सीएफएसआर हे रजिस्टर नाही. डिबगरमध्ये दिसतो तो केवळ हार्डफॉल्ट, आणि कारण शोधायला स्टॅकवरच्या पीसीपासूनच सुरुवात करावी लागते.